हिंगोलीतून दिसणारी मुंबई

मी एक जुनी दुर्बीण आहे. अंगाने पितळेची, लांबीला दीड हात आणि स्वभावाने खरी. जे समोर असेल तेवढंच जवळ आणून दाखवायचं, यापलीकडे मला दुसरं काही येत नाही. तरीही मित्रांनो, माझ्या आयुष्यातली दहा वर्षं मी धडधडीत खोटं बोलले. आठवलं की अजून शिसारी येते.

विलायतेत घडले आणि एका जहाजावरून मुंबईला उतरले. तिथे एका म्हाताऱ्या खलाशाने मला अपोलो बंदरावर तिवईवर उभं केलं. एका आण्यात समुद्र दाखवायचा, हा त्याचा धंदा. मी लोकांना घारापुरीकडे निघालेल्या नावा दाखवल्या. बंदराबाहेर थांबलेल्या बोटी दाखवल्या. नारळी पौर्णिमेला कोळ्यांची सजवलेली गलबतं दाखवली आणि पाण्यात पडलेला नारळ लाटेवर खालीवर होताना दाखवला. फुलांच्या माळा, पत्रावळी आणि उष्टी कणसं समुद्रात फेकून नंतर 'काय घाण आहे हो पाण्यात' म्हणणारी माणसंही माझ्यातूनच पाहत असत. त्यांचा मला वीट यायचा, पण ते दिवस खरे होते.

सन छत्तीसमध्ये खलाशी वारला. त्याच्या सामानाबरोबर मी बाजारात आले आणि हिंगोलीच्या मार्तंडने मला उचललं. मार्तंड गोड बोलायचा. साखरेला मुंग्या लागाव्यात तशी माणसं त्याच्याभोवती जमायची. हिंगोलीच्या दसऱ्याला गावोगावची माणसं लोटतात, हे त्याला ठाऊक होतं. पण हिंगोलीत समुद्र कुठून आणायचा?

त्याने तो पाट्या रंगवणाऱ्याकडून आणला. आण्याएवढ्या काचेवर त्या माणसाने मुंबईचं बंदर रंगवलं. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून लाटा नांगरलेल्या रानासारख्या निघाल्या. तीन धुराड्यांचं जहाज, दगडी धक्का आणि घड्याळाचा मनोरा. धक्क्यावर कुंचल्यातून एक पांढरा थेंब चुकून पडला होता. मार्तंडने ती काच माझ्या पोटात, डोळा लावतात त्या टोकाशी बसवली. आता मला पूर्वेला वळवा, पश्चिमेला वळवा, समोरच्या लिंबावर रोखा, मुंबईच दिसायची.

"पहा, पहा, हिंगोलीतून मुंबई पहा," मार्तंड ओरडायचा, "बराबर दिसून राहिली का?"

आणि शहाणीसुरती माणसं मान डोलवायची. सव्वाशे कोसांवरचं शहर दीड हाताच्या नळीतून कसं दिसेल, हे एकानेही विचारलं नाही. मला मार्तंडची किळस यायची आणि त्या माना डोलवणाऱ्यांचीही.

सन चाळीसच्या दसऱ्याला जवळा बाजारची गोजरबाई रांगेत आली. तिचा नवरा उकंडराव त्या वर्षी मुंबईच्या गोदीत हमालीला गेला होता. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. "आमचे मालक तिकडंच हायेत," एवढंच ती म्हणाली.

मार्तंड म्हणाला, "मग पहा की. धक्क्यावर पांढरं काई दिसतं का? त्येच तुमचे मालक. टोपी घालून उभे हायेत."

तो कुंचल्यातला थेंब होता. गोजरबाईने तो पाहिला आणि घाईघाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यानंतर दर दसऱ्याला ती यायची, थेंब पाहायची, पदर सारखा करायची आणि समाधानाने घरी जायची. माझ्या पितळेला तेव्हाच तडा जायला हवा होता.

चव्वेचाळीस साली मात्र ती रडवेल्या तोंडाने आली. गावचा संतराम उकंडरावाबरोबर गोदीत होता, तो उन्हाळ्यात परतला होता. गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, गोदी जळाली, उकंडराव सापडला नाही, पण दवाखाने माणसांनी भरलेत, चला शोधू, असं त्याने सांगितलं होतं.

"मी म्हनलं, दसऱ्याला माज्या डोळ्यानं पाहते, मंग ठरवू," ती मार्तंडला म्हणाली. "तुमी खरं सांगा, भाऊ. गोदी जळाली का?"

मार्तंडने मागे पाहिलं. रांगेत पन्नासेक माणसं होती आणि सगळी ऐकत होती. तो एवढंच म्हणाला, "मी काहून सांगू, वहिनी? तुमीच पहा."

तिने पाहिलं. जहाज उभं होतं, धक्का शाबूत होता, थेंब जागच्या जागी होता. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि गावी जाऊन संतरामला खोट्यात काढलं. मुंबईला कोणीच गेलं नाही.

दोन वर्षांनी उकंडराव आला. दवाखान्यातून सुटलेल्या दुसऱ्या एका माणसाने त्याला घरापर्यंत पोचवलं. त्याचे दोन्ही डोळे त्या आगीत गेले होते. त्या दसऱ्याला, उन्हं कलल्यावर, तो गोजरबाईचा हात धरून माझ्यापाशी आला.

"संतराम वाचला, गावी गेला, हे मला कळलं व्हतं," तो तिला म्हणत होता. "त्यानं सांगितलं असंल. तरी तू आली न्हाईस. दोन साल मी पावलं ऐकत पडलो. मंग वाटलं, आंधळा नको झाला आसंल. म्हनून कागद बी धाडला न्हाई."

"मी तुमाला हितून पाहत व्हते," ती म्हणाली.

"आता पाह. काय दिसतं ते सांग."

"जहाज. धक्का. मनोरा, त्येच्यावर घड्याळ."

"काटे कसे हायेत?"

"दोनी वर. बैलाच्या शिंगावानी."

"म्हंजे दहा वाजून गेले. आन् मागल्या साली?"

"आसेच. दर साली आसेच."

उकंडरावाने तोंड उन्हाकडे वळवलं. "माज्या गालाला ऊन लागून राहिलं, गोजर. दिवस मावळतीला आला. मुंबईत दहा कसे वाजतील?"

मार्तंड हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आवो, खेळ हाय ह्यो. कोन खरं मानतं?"

"मी मानलं," गोजरबाई म्हणाली आणि थुंकली. थुंकी माझ्या तिवईच्या पायाशी पडली. त्या थुंकीतला निम्मा वाटा माझा होता, हे मला मान्य आहे.

तिने मार्तंडला ती काच काढायला लावली आणि टाचेखाली चिरडली. मग रांगेतले एकेक जण पाहू लागले. त्यांना लिंबामागचं रान दिसलं. "जवारी पाहायला पैसे काहून द्यायचे?" एकजण चिडला. "ती मुंबई परत बसवा," दुसरा म्हणाला. मित्रांनो, इतकी किळस मला मार्तंडचीही आली नव्हती.

रांग पांगली तेव्हा उकंडराव पुढे झाला. त्याने आपला मिटलेला डोळा माझ्या काचेला लावला आणि विचारलं, "आता काय हाय?"

गोजरबाईने वाकून पाहिलं. "जवारी हाय. कणसं भरलीत. पल्याड एक बाई गवत कापून राहिली. दुसरं काई न्हाई."

"बस," तो म्हणाला. "एवढंच सांगत जा."

मार्तंडचा खेळ तिथेच मोडला आणि त्याने मला विकून टाकलं. आज, अठ्ठेचाळीस साली, मी जवळा बाजारच्या शाळेत आहे. माझी तिवई लंगडी आहे आणि भिंगावर बुरशी चढली आहे. तरी खिडकीतून गोजरबाईचं शेत मला दिसतं. ती पुढे चालते, उकंडराव तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. तिचे ओठ सारखे हलत असतात. ती काय सांगते ते मला ऐकू येत नाही, पण मधूनच ती थांबते, समोर नीट पाहून घेते आणि मगच बोलते.

मित्रांनो, माझी काच कधीमधी मऊ फडक्याने पुसा. आणि माझ्या पोटात पुन्हा काही घालू नका, कितीही सुंदर असलं तरी.