नडगीवरची रेघ

घरात तिला सगळे हाडवालीच म्हणत. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्यांची दुखणी त्यांच्या सांगाड्यांवरून शोधत बसायचं, हा काय उद्योग झाला? जिवंतांची दुखणी कमी पडली की काय! या थट्टेत थोरली बहीण सगळ्यांच्या पुढे. तीच ताई आज प्रयोगशाळेच्या दारात उभी होती, छातीशी एक्स-रेचं पाकीट धरून.

पाकिटात ढब्बूच्या पायाचा एक्स-रे होता. ढब्बू म्हणजे ताईचा एकुलता एक. गेल्या हिवाळ्यात तापानं फणफणला आणि बघता बघता हातचा गेला. तापाच्या भरात पलंगावरून पडला, म्हणून इस्पितळात नडगीचा फोटो काढला होता.

"सासूबाई म्हणतात, पोर आतून कधीचं पोखरलं होतं, आईचं लक्ष कुठं होतं?" ताई म्हणाली. "तू एवढं मेलेल्यांचं ओळखतेस. याचंही सांग. पण खरं सांग."

हाडवालीनं पाकीट उघडलं. आजवर तिनं परक्यांचीच हाडं हाताळली होती. तिनं फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. तिथं आधीच एका नडगीचा फोटो होता, जुन्या दफनभूमीत सापडलेल्या मुलाचा. ती आडव्या पांढऱ्या रेघांनी भरलेली होती. ढब्बूची मात्र वरपासून खालपर्यंत नितळ.

"हाड चांगलं भरीव आहे, ताई. आजाराची रेघ एकही नाही. जुनं दुखणं नव्हतंच. तुझं काही चुकलं नाही."

ताई मटकन खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. उरावरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं, हाडवालीलाही बरं वाटलं. मग डोळे पुसताना ताईची नजर शेजारच्या फोटोवर गेली.

"अगं बाई, याला केवढ्या रेघा! आईनं काय हाल केले असतील पोराचे!"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण खरं सांग म्हणून ताईनंच बजावलं होतं, आणि खोटं हाडवालीला कधी जमलंच नाही.

"हाड टोकाकडून वाढतं, ताई. आजारात ते वाढायचं थांबतं. पोर बरं झालं, हाड पुन्हा वाढायला लागलं, की तिथं रेघ उमटते. हा दर वेळी मरणाच्या दारातून परत आलाय."

 ताई उठली आणि ढब्बूच्या नडगीच्या खालच्या टोकाशी नख टेकवून तिनं ते हळूच आडवं ओढलं.

"एक तरी हवी होती गं," ती म्हणाली. "इथं."