बांधावरची गाडी

कंडक्टरीणबाई दोरखंडांच्या दुकानातून बाहेर पडल्या, कोपरा वळल्या आणि जागच्या जागी थिजल्या. तासाभरापूर्वी जिथे गाडी उभी होती, तिथे नुसता ऑइलचा डाग होता. गाडी नव्हती, आणि गाडीबरोबर नवराही नव्हता.

"अगं बाई!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "गेले कुठे हे?"

आता गाडी म्हणजे काही हातरुमाल नव्हे, कुठेतरी पडून हरवायला. चांगली मिनीबस होती. सीटा काढून मागे पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिचं चालतं घर केलं होतं. नवरा जन्मभर बसचा ड्रायव्हर आणि बाई त्याच बसच्या कंडक्टर, तेव्हा हे लग्न बसनेच जमवलं म्हणा ना! सव्वीस वर्षं दोघांचा एकच कायदा: पुढचं ड्रायव्हरने बघायचं, मागचं कंडक्टरने. पत्र्यावर दोन थापा पडल्या की गाडी हलणार. मागे वळून बघणं म्हणजे कंडक्टरवर अविश्वास दाखवणं, आणि ते पाप ड्रायव्हरसाहेबांनी कधी केलं नाही. घरगाडीतही तेच चालू राहिलं. जेवण झालं की बाई पडदा ओढून मागे पलंगावर आडव्या व्हायच्या, पडल्यापडल्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, की साहेबांनी गिअर टाकलाच.

आज मात्र बाईंना झोप येईना. समुद्राकाठचं गाव पहिल्यांदाच पाहत होत्या, डोळे कसे मिटतील? साहेब बॉनेटमध्ये डोकं घालून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते.

"अहो, जरा गाव बघून येते," त्या म्हणाल्या.

"हं," आतून आवाज आला.

त्या 'हं'वर विसंबून बाई निघाल्या. फोनसुद्धा पलंगापाशी चार्जिंगला राहिला. खाऱ्या हवेने पोपडे सुटलेल्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या त्यांनी पालथ्या घातल्या. एका पडवीत दोन म्हाताऱ्या पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून त्याची भोकं सांधत होत्या, त्यांच्याजवळ उकिडवं बसून गप्पा मारल्या. मग दोरखंडांच्या दुकानात शिरून एकूण एक दोर चाचपून पाहिला आणि काही न घेता बाहेर आल्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं मन हलकं झालं होतं.

आणि आता हा ऑइलचा डाग.

बाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांना धावत जाऊन पाहिलं. त्या एवढ्या का घाबरल्या, हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, एक त्या आणि दुसरे डॉक्टर. गेल्या महिन्यात साहेब भाजी आणायला गेले आणि घराच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहिले. कुठे वळायचं तेच त्यांना सुचेना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बाईंना एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं, "ही सुरुवात आहे. हळूहळू वाढत जाणार." बाईंनी ना मुलाला सांगितलं, ना नवऱ्याला. उलट आल्याआल्या म्हणाल्या, "चला, समुद्र बघायचा राहिलाय आपला." जोवर माणूस आपला आहे, तोवर हिंडून घ्यावं, एवढाच हिशोब.

विसरले. मला इथे विसरून गेले. बायको बरोबर आहे, हेच विसरले. बाईंच्या डोक्यात तेवढंच घुमायला लागलं.

समोर बर्फाच्या कारखान्याच्या दारात टेम्पोवाला लाद्या चढवत होता. बाई धापा टाकत त्याच्यापाशी गेल्या.

"भाऊ, इथे एक पांढरी गाडी होती..."

"ती होय? वाट अडवून उभी होती ना, मावशी. माझा टेम्पो दाराशी लागेना. हॉर्न दिला, तर ड्रायव्हर बॉनेट लावून चढला, पण बसला आपला आरामात. मग मीच मागून पत्र्यावर दोन थापा दिल्या. काय सरळ माणूस हो! वाद नाही, शिवी नाही, लगेच गाडी काढली."

बाई मटकन लादीवर बसल्या. बर्फ साडीतून लागला तरी त्यांना कळलं नाही. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विसरले नाहीत! उलट बायको मागे झोपली आहे आणि तिनेच थापा मारल्या, अशा खात्रीने निघाले. असा वेडा नवरा सात जन्म मिळो.

"कुठल्या बाजूला गेले रे?"

"दीपगृहाकडे, बांधावरून." टेम्पोवाल्याचा हात मध्येच थांबला. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "पण मावशी, भरती लागली की आता! बांध पाण्याखाली जातो. त्यांना माहीत आहे ना?"

कुठून माहीत असणार? बाई उडी मारून टेम्पोत चढल्या. "चल बाबा, बर्फ वितळला तर वितळू दे!"

गाव संपलं आणि बांध दिसला. बेटावरच्या दीपगृहापर्यंत गेलेला तो दगडी रस्ता आता दोन्ही बाजूंनी पाण्याने गिळत आणला होता. मधोमध घरगाडी उभी होती, चाकं अर्धी बुडालेली. मागचं दार सताड उघडं, वाऱ्याने आपटत होतं. पुढची सीट रिकामी होती.

"अहो!" बाईंच्या तोंडून किंकाळीच फुटली.

बंदराचा रखवालदार शिट्टी फुंकत, दोर घेऊन धावत आला. "तो बघा, तिकडे! मघापासून ओरडतोय मी, ऐकतच नाही. गाडी सोडून पाण्यात काय शोधतोय कोण जाणे!"

गाडीच्या मागे, मांडीभर पाण्यात साहेब वाकले होते. बांधाच्या कडेने दोन्ही हातांनी पाणी उपसल्यासारखं चाचपत होते. एक पाऊल पुढे टाकायचे, परत वाकायचे. लाट आली की पडायचे, उठायचे, परत चाचपायचे. वाऱ्याबरोबर त्यांची हाक आली. ते बाईंना हाक मारत होते.

तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. दार आपटल्याचा आवाज ऐकून साहेबांनी मागे पाहिलं असणार. उघडं दार, रिकामा पलंग. बायको चालत्या गाडीतून पाण्यात पडली, असं त्यांना वाटलं होतं.

"मी इकडे आहे! अहो, इकडे बघा ना! इकडे!"

समुद्राच्या आवाजापुढे कुणाचं चालतंय? बाईंनी पदर खोचला, रखवालदाराच्या हातातला दोर हिसकला आणि पाण्यात शिरल्या. मागून तो आणि टेम्पोवाला "मावशी, मावशी" करत धावले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. पायाखालचे दगड शेवाळाने निसरडे झाले होते. त्यांना पोहता येत नव्हतं. तरी पाय थांबले नाहीत. हाताच्या अंतरावर गेल्यावर त्यांनी साहेबांचा शर्ट मागून धरला.

साहेब वळले. बाईंकडे नुसते बघत राहिले. त्या नजरेत ओळख आहे की नाही, ते बाईंना कळेना, आणि तो क्षण त्यांना सगळ्या समुद्रापेक्षा मोठा वाटला.

मग साहेबांनी त्यांना असं घट्ट आवळलं, की श्वास घेता येईना.

रखवालदार आणि टेम्पोवाल्याने दोघांना दोराने ओढत काठावर आणलं. बांधावर गाडी एका कुशीवर कलंडली आणि दारातून आत पाणी घुसलं. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही. रखवालदाराने घोंगडी दिली. तिच्यात दोघं कुडकुडत बसले.

"कुठे तडफडली होतीस?" साहेब ओरडले. ओठ निळे पडले होते, पण राग पुरेपूर. "सांगून जायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं हो. तुम्ही 'हं' म्हणालात."

साहेब आठवायला लागले. बाईंना ते दिसत होतं, कपाळ आक्रसलेलं, ओठ पुटपुटत असलेले. त्यांना आठवलं नाही. बाईंना राहवेना.

"मला वाटलं, विसरलात मला," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडल्या.

साहेबांनी घोंगडीचं टोक बाईंच्या खांद्यावर ओढलं.

"डॉक्टरांचा कागद तू पिठाच्या डब्यामागे ठेवलास," ते हळूच म्हणाले. "वाचलाय मी. दोनदा वाचलाय. पहिल्यांदा वाचल्याचं विसरलो होतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आज नाही विसरलो," साहेब म्हणाले. "पण विसरेन गं एखाद दिवशी. तेव्हा मी शोधायला येणार नाही. तेव्हा तू लांब जाऊ नकोस."