एक नंबर लहान बांगडी

आलापल्लीच्या अख्तरीचाचीनं एकदा लाकूडडेपोतल्या हत्तिणीच्या सोंडेत हिरवी बांगडी भरली होती. ज्याला पटत नसेल त्यानं हत्तिणीला विचारावं.

तर अशा या कासारणीची लेक शाजिया दिवस गेलेली माहेरी आली आणि चाचीचा जीव टांगणीला लागला. मागच्या खेपेला सासरी सगळ्यांनी ‘होईल, होईल’ म्हणत पोरीला घरीच अडवून ठेवलं, आणि मूल हातचं गेलं. आता बाळंतपण कोणाच्या हाती द्यायचं? शेजारणी म्हणत, जुनी सुईण बरी. जावई मुबीनला मोठ्या पाटीचा खाजगी दवाखाना पाहिजे.

चाची लेकीला आणि बांगड्यांच्या पेटीला घेऊन निघाली. जिथं जाई तिथं शाजियाचा हात पुढं करून म्हणे, “बाई, एवढी बांगडी भरून द्या. माझी नजर गेली.” नजर कसली जाते! घारीला वाट दाखवेल ती. बांगडी मात्र मुद्दाम एक नंबर लहान.

सुईणीनं तेल लावून रेटली. बांगडी वाढली. फुटली म्हणू नये आपण. पाटीवाल्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, “जात कशी नाही?” तिथंही वाढली, वर ओरखडा.

सरकारी दवाखान्यातल्या अन्नपूर्णाबाईंनी शाजियाचा पंजा दाबून पाहिला, बांगडी अंगठ्याशी टेकवली आणि परत पेटीत ठेवली.

“चाची, हे नाई जात. मोठी काढा.”

“जरा जोर लावा ना!”

“काऊन? हात तिचा हाय.”

“हीच माझी नर्स!” चाची म्हणाली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी अन्नपूर्णाबाईंनी पोटावरून हात फिरवला. “मूल आडवं हाय. इथी नाई होत. आत्ताच्या आत्ता चंद्रपूरले न्या.”

मुबीन भडकला. “अम्मी, हे सांगाले निवडली का हिले?”

“हेच सांगाले निवडली, बेटा! जीप बोलाव.”

जीप माझी. अन्नपूर्णाबाई कोणी न सांगता मागं चढल्या, शाजियाचं डोकं मांडीवर घेतलं. आष्टीच्या अलीकडे वाघ रस्त्यात पसरलेला. बाई आतूनच ओरडल्या, “हट बाजूले, अडलेली बाई हाय!” तो ओशाळून उठला आणि मला वाटतं, शेपटीनं रस्ताही झाडून गेला.

दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी. मायलेकी सुखरूप.

चाचीनं तिथंच पेटी उघडली, अन्नपूर्णाबाईंचा हात न चाचपता दुरूनच बांगडी निवडली आणि लोण्यात सुरी जावी तशी भरली. अगदी मापाची.

“चाची, नजर परत आली वाटते!”

“आली ना बेटी,” चाची डोळे पुसत म्हणाली. “नात दिसून राह्यली.”