मुद्देमालातली घुगरी

मी घुगरी बोलतेय, मानीबाईच्या डाव्या कानाजवळची. बंजारा बाईचं लग्न झालं की तिच्या केसांत कानांच्या बाजूला चांदीचे दागिने गुंफतात आणि त्यांना बारीक घुंगरं लोंबतात. ती मी. उजव्या बाजूला माझी जोडीदारीण असते, पण ती लाजाळू, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

माझा जन्म बोरी अरबच्या एका सोनाराकडे झाला. कारागीर चांगला, पण लक्ष सगळं बाजारात. माझ्या एका घुंगरात दाणा टाकायचाच तो विसरला. ते घुंगरू आजही वाजत नाही.

आधी मी मानीबाईच्या सासूची. सासूचे मालक वारले तेव्हा तिनं मला केसांतून सोडवलं, ताटात ठेवलं आणि ताट सुनेपुढे सरकवलं. आमच्या तांड्याची रीतच तशी. घुगरी सवाष्णीची. नवरा गेला की बाईनं ती उतरवायची, सुनेनं उचलायची, आणि मग सासूनं तिला पुन्हा बोटही लावायचं नाही. मानीबाईनं मला उचललं आणि माझा सुखाचा काळ सुरू झाला. ती पऱ्हाटीत कापूस वेचायची, मी तिच्या कानाशी वाजत राहायची. तिचा नवरा रामसिंग म्हणायचा, "तू कोनत्या तासात, कोनत्या ओळीत हायस, मले न पाहता समजते."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. तांड्यातल्या कितीतरी जणींची चांदी बाजारात गेली. मानीबाईनं मला केसांतून काढलं नाही. मला याचा फार गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते मला लवकरच कळलं.

तीजेच्या आधी एक माणूस चांदी उजळून देतो म्हणत तांड्यात आला. सणाला मी चकचकीत दिसावी, एवढीच मानीबाईची हौस. त्यानं आम्हा दोघींना एका डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि सांगितलं, "थंडा होऊ दे, मग उघड." तिनं डबा उघडला तेव्हा आत दोन खडे होते. आम्ही त्याच्या पिशवीत दुसऱ्या तांड्याकडे निघालो होतो.

महिन्याभरात तो सापडला. त्याच्याकडे तीन तांड्यांच्या घुगऱ्या निघाल्या. पोलिसांनी आम्हाला कापडात बांधून वर लाखेचं सील ठोकलं आणि आमचं नाव पडलं मुद्देमाल. मालखान्यात माझ्या एका बाजूला कुऱ्हाड होती, दुसऱ्या बाजूला सायकल. बाहेर दिवस आहे की रात्र, काही कळायचं नाही.

खटला उभा राहिला तोवर दोन पावसाळे गेले. तालुक्याच्या कोर्टात सील फोडलं आणि मला मानीबाई दिसली. माझा आनंद पोटात मावेना! पण तिच्या दंडावर चुडा नव्हता. मी मालखान्यात असताना रामसिंगला पऱ्हाटीत पान लागलं होतं. साप चावून तो गेला, आणि मला ते तिचे उघडे दंड बघून कळलं.

"यातली तुमची कोणती? हातात घेऊन दाखवा," सरकारी वकील म्हणाले. मानीबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मान खाली घातली. "बोला बाई!" ती बोलली नाही. मी मनातल्या मनात किती ओरडले! कागदावर उमटलं, साक्षीदारानं वस्तू ओळखली नाही. तिचा मुलगा इंद्रजीत आपल्या साक्षीची वाट पाहत बाहेर बसला होता. त्याला काहीच ठाऊक नाही. चोराला शिक्षा झाली, बाकीच्या घुगऱ्या घरी गेल्या. माझ्यासाठी हुकूम निघाला की बेवारस माल, लिलाव करावा. लिलावानंतर भट्टीच, हे मी जाणून होते.

इंद्रजीतनं अपील केलं. त्याचं लग्न झालं होतं, सून बबिता घरात आली होती आणि तिचे केस रिकामे होते. सासूकडून आलेली चीज सुनेला देता येईना म्हणून मानीबाईला घास गोड लागत नव्हता.

यवतमाळचं वरचं कोर्ट मी पहिल्यांदा पाहिलं. एवढं उंच छत, आणि एवढ्या माणसांत ती शांतता! माझं एकही घुंगरू हलेना. नीळकंठराव वकिलांनी जोरात बाजू मांडली. म्हातारीला मोतीबिंदू आहे, तिला दिसत नाही, म्हणून ओळख पटली नाही. इंद्रजीतलाही तसंच वाटत होतं.

न्यायाधीशांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी मानीबाईला पुढं बोलावलं.

"आजी, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसते ना सायेब. तुमच्या मांगं घड्याल हाय."

नीळकंठरावांनी कपाळावर हात मारला. कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"मग त्या दिवशी हातात का नाही घेतली?"

एवढी वर्षं तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मालक गेले सायेब. आता मले घुगरीले हात लावता येत नाही. ते सुनेची चीज हाय. मी हात लावला त बाटते."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग न शिवता कशी ओळखाल?"

"डाव्या घुगरीचं एक घुंगरू मुकं हाय. सासूच्या टायमापासून. मायी जिंदगी गेली ऐकू ऐकू."

"पंखा बंद करा," न्यायाधीश म्हणाले.

शिपायानं मला उचललं आणि न्यायाधीशांनी माझं एकेक घुंगरू आपल्या हातानं हलवलं. सगळं कोर्ट माझा आवाज ऐकत होतं! वकील, पोलीस, भिंतीला टेकलेली माणसं, सगळे. वाजलं, वाजलं, वाजलं, आणि एक वाजलं नाही. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. इंद्रजीत आईकडे बघत नुसता "याडी... याडी..." म्हणत राहिला.

हुकूम बदलला. घुगरी मानीबाईच्या समक्ष सुनेच्या हाती द्यावी, मानीबाईला स्पर्श करायला लावू नये, असं न्यायाधीशांनी त्यात लिहवून घेतलं. कायद्याच्या एवढ्या मोठ्या घरात एका म्हातारीच्या रीतीला जागा मिळाली, याचं नवल मला अजून वाटतं.

आता मी बबिताच्या केसांत असते. रोज नाही, सणावाराला. माझी काही तक्रार नाही. विनंती मात्र एक आहे. तुमच्यापुढे कुणी गप्प उभं राहिलं, तर त्याला काही ठाऊक नाही असं लिहून मोकळे होऊ नका. एकदा विचारा, काहून?

आणि त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. कोर्टाच्या खिडकीच्या काचेत बघून, सोबत आलेल्या बबितानं मला केसांत गुंफलं आणि रिवाजाप्रमाणे ती सासूच्या मागं चालायला उभी राहिली. मानीबाई वाटेतून बाजूला झाली.

"तू पुढं चाल."

"तुमच्या पुढं कशी चालू, याडी?"

"चाल. आजवर मायाच डोक्यावर वाजली ते. दुसरीच्या डोक्यावर कशी वाजते, ऐकू दे मले."

बबिता पुढे निघाली. मी बस स्टँडपर्यंत जीव तोडून वाजले.