भिंतीपलीकडे गेलेला कॉम्प्रेसर

मी हवेचा कॉम्प्रेसर बोलतोय. हळू बोलणं मला जमत नाही, तेव्हा तुम्हीच जरा लांब बसा.

माझं काम तसं सरळ. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली गेला की एक झडप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. पिस्टन वर आला की ती झडप मिटते, हवा दाबली जाते आणि दुसऱ्या झडपेतून टाकीत जाऊन बसते. टाकी भरली की मी आपोआप थांबतो.

मला आणलं एका रंगाऱ्याने. कपाटं, दारं तो माझ्या हवेवर चालणाऱ्या फवाऱ्याने रंगवायचा. माझ्याइतका स्वस्त आणि दणकट गडी त्याला दुसरा मिळाला नसता. बिघडलो तर तो स्वतःच पाना घेऊन मला उघडायचा. माझे नखरेही त्यानेच सोसले. मी तापतो, मला मधूनमधून विश्रांती लागते, हवेतल्या दमटपणाने टाकीत पाणी साचतं. ते रंगात गेलं तर दारावर फोड येतात. म्हणून रोज संध्याकाळी तो टाकीखालचा नळ सोडायचा. "हं, हो बाबा मोकळा," म्हणायचा.

आणि माझी ती धडधड! कानात काहीतरी घाला म्हणून बायकोने कितीदा सांगितलं, पण हा ऐकेल तर शपथ. बावीस वर्षं मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो.

पुढे पुढे तो येता-जाता माझ्या टाकीवर तळहात ठेवू लागला. घरच्यांना वाटे, जुन्या यंत्रावर जीव जडलाय. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी चालू आहे की बंद, हे त्याला हात लावून बघावं लागत होतं.

एका दुपारी माझा स्विच अडकला. टाकी भरली तरी मी थांबेना. जास्तीची हवा सोडणारी झडप किंचाळू लागली. तीही अडकली असती तर टाकी फुटायला वेळ लागला नसता. मला धडकी भरली, आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे पाठ करून निवांत दार रंगवतोय! शेवटी घरातून मुलगी धावत आली आणि तिने बटण बंद केलं.

"अहो बाबा, एवढी शिट्टी वाजतेय, ऐकू नाही आलं?"

तो रंगवतच राहिला. तिने खांद्याला हात लावला तेव्हा कुठे वळला. "कधी आलीस गं?"

तिची नजर त्याच्या कानांवरून माझ्याकडे वळली. इतकं अपराधी मला कधीच वाटलं नव्हतं.

आठवड्याभरात माझा स्विच बदलला आणि मला भिंतीपलीकडे पत्र्याखाली हलवलं. "भंगारात नको गं काढूस त्याला," रंगारी म्हणाला.

"नाही काढत. पण कान झाकल्याशिवाय तुम्ही फवाऱ्याला हात लावायचा नाही."

तिने त्याला कानाचं यंत्रही आणून दिलं. गेलेलं ऐकू येणं सगळंच काही परत आलं नाही.

पण त्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखा माझा नळ सोडला. फुस्स! तो दचकला. नळ बंद केला, पुन्हा सोडला.

"अगं, इकडे ये," त्याने लेकीला हाक मारली. डोळे भरून आले होते. "हा अजून बोलतोय बघ!"

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याचं पाणी रोज काढा आणि त्याला भिंतीपलीकडे ठेवा. लांब ठेवलंत म्हणून आम्ही रुसत नाही.