मातीच्या पलटनीचं निशान

बस बाप्पा, टेक जरा. आपल्या मोताळ्याच्या शालिग्राम शिंप्याची मिशी कशी गेली ते सांगतो. ऐकून मंग जाय बजाराले.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं तवापासून त्याले लढायचं याड. कुंभाराकडून बोटाएवढे मातीचे शिपाई आनले, कापडं बेतायच्या टेबलावर मांडले. समोरून उकंडराव तेली. कवड्या फेकायच्या, पडन तेवढं पुढं सरकायचं. ज्याचं निशान पडलं, तो हारला.

शालिग्राम दरखेपी हारे. मांगच्या बजारी उकंडराव हाटेलात म्हने, "तुह्या फौजीले निशान नाही बे, नाडा हाय."

शालिग्राम तापला. "पुढच्या लढाईत हारलो त् मिशी उतरवतो."

साऱ्या हाटेलानं मान वळवली. आपल्याकडं मिशी उतरवते मानूस बाप गेल्यावर. आन् त्याचा बाप अर्जुनराव बाजूच्याच बाकड्यावर चहात टोस बुडवून राह्यलता.

"मले इचारलं का बे?" म्हातारा म्हने.

मंग काय, शालिग्रामनं शिवाले आलेलं सुभद्राबाईचं पोलकं बाजूले फेकलं आन् निशान शिवाले बसला. लाल साटन, जरीची किनार, मधात रेशमाचा वाघ. वाघ जरासा मांजरीवर गेला. खराट्याच्या काडीले बांधलं, लोंबू नये म्हनून कडक खळ देल्ली.

बायको सोजराबाई म्हने, "आवो, शिपाई बोटाएवढा आन् निशान हातरुमालाएवढं. पेलन का त्याले?"

"तुले लढाईतलं काय समजते?"

"मले सासऱ्यातलं समजते. मिशी संभाळा."

आज सकाळी लढाई झाली. दुकानात पाय ठेवाले जागा नाही. उकंडरावचं निशान म्हन्जे जुन्या धोतराची चिंधी, खाली मान घालून लोंबे.

"निशान हाय का जखमेची पट्टी?" शालिग्राम हासला. कवड्याबी त्याच्याच बाजूनं पडत गेल्या. जितायले एक पाऊल राह्यलं. त्यानं निशानवाला उचलून ऐटीत पुढं ठेवला.

उकंडरावले गर्मी झाली. त्यानं टोपी काढून वारा घेतला. चिंधी हालली, राह्यली. खळीच्या निशानात मातर वारा भरला सुपासारखा. शिपाई तोंडावर पडला, मांगच्या चौघाइले घेऊन.

"टोपीनं वारा घातला, बेइमानी हाय!"

"काऊन? लढाईत वारा सुटत नाही का?"

सारे अर्जुनरावकडं पाहाले लागले. म्हाताऱ्यानं निशान उचललं, वाघ जवळून पाह्यला. "पडलं त् पडलं. जाय, उतरव."

न्हाव्यानं काई इचारलं नाही. वस्तरा लावला, डोये पुसले, म्हने, "लय भला मानूस होता." शालिग्रामनं तोंड उघडलं त् साबन आत गेलं.

दुपारी खालच्या आळीतली रुखमाबाई मिशी गेल्याचं ऐकून गळा काढत आली. वट्ट्यावर अर्जुनराव बसेल होता, म्हने, "रडू नको पोरी, चहा घे." तिनं म्हाताऱ्याकडं पाह्यलं, पोराच्या सपाट ओठाकडं पाह्यलं. म्हने, "एवढ्या उन्हाची आली, थोडं त् रडतेच."

आता म्हाताऱ्याची बहीन बुलढान्याहून यष्टीत बसली म्हनतात. तू तिकडंच जाऊन राह्यला त् ष्टँडावर थांब जरा. ती उतरली का सांगजो, भाऊ जिता हाय. पन बाप्पा, आधी तिले खाली बसवजो, पानी पाजजो, मंग हळूच सांगजो.