रुपीचा जबाब

आमदार रंजना वारघडे यांचा प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारला गेला, तेव्हा जव्हारच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. पहिल्यांदाच निवडून आलेली बाई, त्यात विरोधी बाकावरची, आणि तिचा प्रश्न यादीत पहिल्या पाचांत! म्हणजे नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावंच लागणार. रंजनाताईंनी स्वतः दोन पेढे खाल्ले. खरं तर त्या दिवशी कुणी पेढ्याला हात लावायला नको होता, पण हे नंतर सुचलेलं शहाणपण झालं.

प्रश्न गोरख भोयेचा होता. पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत त्याचा पाडा. पाड्यावर नळयोजना आली, दारोदार नळ उभे राहिले, पाण्याचा मात्र पत्ता नाही. गोरखने एकेक नळ उघडून दाखवत मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि शेवटी ठेकेदाराचं नाव घेतलं. चित्रण मोखाड्यापासून ठाण्यापर्यंत फिरलं. पुढच्याच सोमवारी आंबेशेतच्या पोलीस चौकीत त्याला ‘जरा बोलायचंय’ म्हणून बोलावून घेतलं. ते बोलणं तीन दिवस चाललं. गुरुवारी त्याची अटक कागदावर आली. बुधवारी दुपारी ठेकेदाराचे पाइप चोरले, अडवायला गेलेल्या सरकारी माणसाला मारलं, असा गुन्हा. गोरख जेलात गेला.

त्याची बायको रुपी नोव्हेंबरात रंजनाताईंकडे आली ती एसटीने, एकटी. खुर्ची पुढे केली तरी खालीच बसली. तिकडची माणसं कलेक्टरलाही ‘तू’ म्हणतात, तशी तिनेही सरळ सुरुवात केली.

“ताई, तू आमच्यातलीच हायस म्हणून तुला सांगतंय. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिनी दिस मी चौकीत भाकर नेली. त्याचं मनगट सुजलेलं व्हतं, मीच भाकर मोडून दिली. मंग बुधवारी दुपारी तो पाइप कसा चोरल?”

रंजनाताई पूर्वी आश्रमशाळेत गणित शिकवायच्या. हे गणित त्यांना फळ्यावर मांडावंही लागलं नाही. बुधवारी गोरख चौकीतच होता हे सिद्ध झालं, की चोरीही खोटी, मारहाणही खोटी. आणि ते सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, ते समोर जमिनीवर बसलेलं.

“पण माझं नाव कुठं घालू नको,” रुपी म्हणाली. “पाड्यावर मी एकटी हाय.”

“नाही घालणार,” ताईंनी शब्द दिला.

तुळशीदास हा त्यांचा स्वीय सहायक. बावीस वर्षं कचेऱ्यांतून कारकुनी केलेला, त्यामुळे त्याला कुठल्याही कागदाचा पुढचा प्रवास आधीच दिसायचा. रुपी गेल्यावर तो म्हणाला, “ताई, आधी वकील देऊ. बाईचं प्रतिज्ञापत्र करून कोर्टात टाकू. एकदा ते तिथं पोचलं की मग सभागृहात हवा तेवढा आवाज करा.”

“प्रश्नाची मुदत परवा संपतेय, तुळशीदास.”

“अधिवेशन काय, मार्चातही असतं.”

पण ताईंना मार्च लांब वाटला. लोकांनी निवडून दिलं ते सरकारला जाब विचारायला, वकिलांच्या पायऱ्या झिजवायला नव्हे, असं त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सभागृहात उभं राहून मंत्र्याला घाम फोडायची हौस होती त्यांना, आणि एवढं खणखणीत प्रकरण रोज हाताला लागत नाही.

प्रश्न धाडला आणि दोन दिवसांत विधिमंडळाच्या सचिवालयातून फोन आला. प्रश्न मोघम आहे, माहिती कुणाकडून मिळाली ते नमूद केल्यास विचार होईल. रंजनाताईंनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. तुळशीदास दारात उभा राहून बघत होता. त्यांनी लिहिलं, ‘सदर इसमाच्या पत्नी श्रीमती रुपी गोरख भोये यांनी तीनही दिवस चौकीत भाकरी पोहोचविल्या, हे खरे आहे काय?’ खाली ठसठशीत सही केली. त्यावरच प्रश्न स्वीकारला गेला आणि त्यावरच ते पेढे.

आता सभागृहातला प्रश्न म्हणजे काही मंत्री स्वतः डोंगर चढून माहिती काढायला जात नाही. प्रश्न मंत्रालयात जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि प्रत्येक टेबलावर एकेक शिक्का अंगावर घेत शेवटी तो नेमका त्याच माणसापाशी पोचतो, ज्याच्याविरुद्ध तो विचारलेला असतो. मारलंस का, असं मारणाऱ्यालाच विचारायचं, आणि त्याने नाही म्हटलं की ते टंकलिखित करून पुन्हा शिक्के घेत वर धाडायचं. यालाच चौकशी म्हणतात, आणि ती अगदी वेळेत होते.

नागपुरात त्यांचा प्रश्न पुकारला गेला. ताई उभ्या राहिल्या. मंत्र्यांनी चष्मा सारखा करून वाचायला सुरुवात केली.

“एक. हे खरे नाही. दोन. सदर इसमास गुरुवारी रीतसर अटक करण्यात आली. तीन. त्यांच्या पत्नीने लेखी जबाब दिला आहे की, सोमवारी व मंगळवारी माझे पती घरीच होते, बुधवारी सकाळी कोणास काही न सांगता ते घरातून निघून गेले, मी कधीही चौकीत गेले नाही व पोलिसांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. चार. प्रश्न उद्भवत नाही.”

रंजनाताईंनी माइक जवळ ओढला. “अध्यक्ष महाराज, हा जबाब घेतला कोणी?”

“संबंधित चौकीच्या अंमलदारांनी,” मंत्री शांतपणे म्हणाले. “नियमाप्रमाणे त्यांनीच घ्यायचा असतो. सन्माननीय सदस्या नवीन आहेत.”

बाकं वाजली. पुढचा प्रश्न कापसाचा होता.

रुपी फिरली, तिला कुणी धमकावलं किंवा विकत घेतलं, असं ताई परतीच्या वाटेवर स्वतःला समजावत राहिल्या. तिचा राग आला की स्वतःचा यायचा थांबायचा, म्हणून त्यांनी तो जव्हारपर्यंत जपून आणला. कार्यालयात तुळशीदास वाट पाहत होता. सकाळी गोरखच्या जामिनाची सुनावणी झाली होती.

“फेटाळला,” तो म्हणाला. “सरकारी वकिलाने सभागृहातलं उत्तर छापील काढून आणलं होतं. म्हणाला, आरोपीच्या आमदारांनीच विधानसभेत विचारणा केली, शासनाने चौकशी केली, पत्नीनेच सांगितलं की तो बुधवारी बाहेर होता. आपण कोर्टात काही दिलंच नव्हतं, ताई. आता दिलं तरी बाई जबाब बदलतेय असंच म्हणणार.”

ताई बसल्याच नाहीत. तशाच पाड्यावर गेल्या.

रुपी अंगणात उडीद झोडत होती. ताईंना पाहून तिचा चेहरा असा फुलला, की त्यांनी आणलेला राग कुठे ठेवावा तेच त्यांना कळेना.

“तुला कुणी मारलं का, रुपी? धमकावलं?”

“नाय गं. चौकीतला जमादार आला व्हता. निस्तं गोड बोलला. तुझाच कागद घेऊन आला.”

“माझा?”

“मग! मला काय वाचता येतं? पण तुझी सही मी वळखते. निवडणुकीत चिठ्ठीवर व्हती ना, तीच. जमादार म्हणला, बघ, तुझ्या ताईनं धाडलाय, यात तुझं नाव हाय, ताईला वर जबाब पायजे, लवकर अंगठा दे. मी मनात म्हटलं, तू नाव घालणार नाय म्हणली व्हतीस. पण ताईनं घातलं म्हणजी गरज असंल. मी तेला सांगितलं, मी भाकर नेली, मनगट सुजलेलं व्हतं, समदं सांगितलं. तो लिवत व्हता. मंग मी अंगठा दिला.”

रंजनाताईंना तोंड वर करवेना. रुपीला कुणी धमकावलं नव्हतं, विकत घेतलं नव्हतं. चौकीतल्या कागदावर तिने जन्मात अंगठा उठवला नसता. तिने तो त्यांच्या सहीवर उठवला होता. नवऱ्याला जेलात ठेवणारा तो कागद ताईंनीच, स्वतःच्या अक्षरात, तिच्या दारापर्यंत पोचवला होता. हे तिला सांगायला हवं होतं, आत्ता, इथेच.

रुपीने सुपातले उडीद बाजूला सारले, पदराला हात पुसले आणि जवळ सरकली.

“कवा सुटतो गं तो?”

ताई वाकून सांडलेले उडीद वेचू लागल्या.

“अजून कागद लागत असंल तर धाड,” रुपी म्हणाली आणि अंगठा पुढे केला. “तुझी सही असली की मी इचारणार बी नाय.”